जुना नकाशा रद्दी नव्हे

नवा नकाशा आला की जुना रद्दीत टाकावा, असे पुष्कळांना वाटते. माझे मत नेमके उलट आहे. नकाशा म्हणजे एका ठरावीक काळी केलेले मापन. प्रयोगवहीतील कालचे निरीक्षण आजच्या निरीक्षणामुळे खोटे ठरत नाही. दोन्ही शेजारी ठेवली, तरच बदल कळतो.

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यातील अ‍ॅडलस्ट्रॉप हे लहानसे खेडे घ्या. १८५३ साली, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली त्याच वर्षी, तेथे रेल्वे स्थानक सुरू झाले. आजच्या नकाशावर लोहमार्ग आहे, स्थानक नाही! पदार्थविज्ञानाचे डॉक्टर असलेल्या रिचर्ड बीचिंग यांच्या १९६३ च्या अहवालाने ब्रिटनमधील दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करण्याची शिफारस केली. त्या कपातीच्या काळात, १९६६ मध्ये, हे स्थानक बंद झाले. नुसता नवा नकाशा पाहणाऱ्याला ते तेथे होते, हेही कळणार नाही.

ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या मोजणी खात्याने १:२,५०० प्रमाणाचेही नकाशे काढले. त्या प्रमाणात १०० मीटरचा फलाट ४ सेंटीमीटर लांब दिसतो. जुन्या नकाशावर स्थानक गावाबाहेर, सखल भागात आढळते. असे का? पोलादी चाक पोलादी रुळावर सहज धावते, पण तेथे घर्षण कमी असल्याने चढावर ते घसरू लागते. म्हणून लोहमार्ग ईव्हनलोड नदीच्या खोऱ्यातून गेला, आणि टेकडीच्या उतारावरचे गाव बाजूला राहिले.

मात्र जुन्या नकाशावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. या खात्याच्या एक इंचास एक मैल प्रमाणाच्या जुन्या नकाशांच्या तांब्याच्या पत्र्यांवर पुढे नवे लोहमार्ग कोरले गेले, पण छापलेले साल पहिलेच राहिले! तेव्हा नेहमी तीन प्रश्न विचारा : मोजणी केव्हाची, छपाई केव्हाची आणि दुरुस्ती केव्हाची?

आपल्याकडे नकाशा म्हणजे बहुधा नावे भरण्याचा कागद असतो. त्याऐवजी एकाच जागेचे दोन काळांतील नकाशे वर्गात द्यावेत आणि फरकांची कारणे शोधायला सांगावे, असे मला वाटते. ब्रिटनचे असे हजारो नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने संगणकावर विनामूल्य खुले केले आहेत. आणि तुमच्या शाळेच्या कपाटात तालुक्याचा जुना नकाशा असेल, तर तो रद्दीत जाऊ देऊ नका. त्यावरचे मापन आता पुन्हा करता येणार नाही.