नंबर प्लेट 531 रुपयांची, खरी अडचण कागदांची!

अहिल्यानगर : जिल्ह्याचं नाव बदललं, तरी गाड्यांवरचा एमएच-16 आणि श्रीरामपूरचा एमएच-17 तोच राहिला. घाम फोडलाय तो कागदांनी. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची झाली. 31 मार्च 2025 ची मुदत वाढत वाढत वर्षअखेरपर्यंत गेली. दुचाकी आणि ट्रॅक्टरच्या प्लेटचा दर जीएसटीसह 531 रुपये. पण अनेकांची गाडी पैशापायी नाही, तर आरसीपायी अडली. कुणाची आरसी हरवलेली, कुणाची तिसऱ्याच माणसाच्या नावावर.

स्टँप पेपरवरचा व्यवहार
गावाकडं जुनी दुचाकी स्टँप पेपरवर, ओळखीवर विकली जाते. कायद्याला हे पुरत नाही. फॉर्म 29 आणि 30 भरून नाव बदलावं लागतं. घेणाऱ्याला त्यासाठी 30 दिवस असतात. हे टाळलं तर दोघंही अडकतात. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे गाडी विकून मोकळा झालेला माणूस मोकळा होतच नाही.

आरसी हरवली तर पोलिसांत नोंद करून फॉर्म 26 भरायचा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमतीही लागते. पण हा अर्ज कागदोपत्री मालकानंच करायचा असतो. तो गाव सोडून गेला असेल तर घेणाऱ्याचे हेलपाटे ठरलेलेच.

उशीर महागात
खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षं चालते, मग दर 5 वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. मालवाहू गाडीचं पासिंग पहिली 8 वर्षं दोन वर्षांनी, पुढं दरवर्षी. नूतनीकरणाला दुचाकीला 1000, कारला 5000 रुपये. ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांवरच्या दुचाकीला 2000, कारला 10000. दुचाकीला उशीर झाला तर महिन्याला 300 रुपये जादा, म्हणजे वर्षाला 3600. एवढ्यात जुनी गाडी भंगाराच्या भावात जाते.

नियम रस्त्याच्या सुरक्षेसाठी आहेत, पण भुर्दंड बसतो तो दूध घालायला आणि मजुरीला जुन्या गाडीवर जाणाऱ्याला. त्यानं आजच एमपरिवहन किंवा डिजिलॉकरवर नाव आणि मुदत तपासावी. विकणारा गावात आहे, तोवरच सही घेतलेली बरी.