पासवर्ड दिल्याने संशय फिटत नाही

गोविंद बल्लाळ देवलांनी एकच दुखणं दोनदा रंगमंचावर आणलं. ‘ऑथेल्लो’वरून त्यांनी ‘झुंझारराव’ रचलं आणि मोलिएरच्या प्रहसनाचा धागा धरून ‘संशयकल्लोळ’. एकात बायकोचा जीव जातो, दुसऱ्यात प्रेक्षक पोट धरून हसतात; पुरावा मात्र दोन्हीकडे क्षुल्लक. ऑथेल्लोला एक रुमाल पुरला, फाल्गुनरावाला एक तसबीर. आज त्या जागी मोबाइल आला आहे. साडेदहाला गुड नाइट म्हणालीस, मग ‘लास्ट सीन’ साडेअकराचं कसं? मैत्रिणीकडे आहेस ना, मग व्हिडिओ कॉल लाव, कॅमेरा फिरव, तिची आई दिसू दे. यावर जवळची माणसं समजुतीचा सल्ला देतात: लपवण्यासारखं काही नाही ना, मग देऊन टाक पासवर्ड, विषय मिटेल. हा सल्ला मला साफ चुकीचा वाटतो. चॅटमध्ये काही सापडलं तर तो पुरावा, नाही सापडलं तर ‘डिलीट केलंस’ हा आरोप. तपास करणाराच न्यायाधीश असेल, तर निर्दोष सुटायची सोयच उरत नाही. पासवर्डनंतर लोकेशन, लोकेशननंतर कपडे, मग मित्र, मग नोकरी अशी मागणी वाढत जाते. मागणाऱ्याला हवी असते ती माहिती नव्हे, ताबा.

यावर कोणी म्हणेल, जीव जडला की थोडी असूया यायचीच. येऊ दे की! मनात येणं वेगळं आणि त्यापायी दुसऱ्याचं जगणं आखून देणं वेगळं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायकांना विचारतात: परपुरुषाशी बोललात तर नवरा चिडतो का, मैत्रिणींना भेटू देत नाही का, माहेरचा संपर्क तोडू पाहतो का, सतत ‘कुठे आहेस’ विचारतो का? हे प्रश्न मारहाणीच्या प्रश्नांसोबतच येतात, ते उगाच नाही. इंग्लंडने तर २०१५ साली अशा सततच्या जाचक नियंत्रणालाच, हात उगारलेला नसला तरी, गुन्हा ठरवलं. आपल्याकडे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात भावनिक छळ येतो आणि लग्नासारखं एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही त्याचं संरक्षण आहे. पुरुषही या जाचात सापडतात, हा आक्षेप खराच. देवलांच्या फाल्गुनरावाची बायको कृत्तिकाही नवऱ्यावर कमी पाळत ठेवत नाही. कधी संशय खराही निघतो. पण फसवणूक झाली असेल तर नातं तोडता येतं, जाब विचारता येतो. जोडीदाराला कैदेत ठेवायचा हक्क त्यातून मिळत नाही. विकृतीच्या टोकाला गेलेल्या संशयाला मानसोपचारात ‘ऑथेल्लो सिंड्रोम’ म्हणतात, तिथे उपचारच हवेत. मात्र साहेबाचा फोन तपासायची हिंमत न करणारा माणूस घरी येऊन बायकोचा तपासतो, तेव्हा त्याला आजारी म्हणणं ही फुकटची सवलत झाली. त्याला नकार दिल्यावर काय होतं, यावरून नात्याची खरी परीक्षा होते. नुसती कुरबूर झाली तर बोलता येईल; धमकी आली, दार अडवलं गेलं, तर वाद घालत एकटीने थांबू नये. विश्वासातल्या माणसाला कळवावं, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, आणि त्याच्या हाती पडलेल्या फोनऐवजी दुसऱ्या कुणाच्या फोनवरून ती लावावी.