शेजारी सावरला, आता व्यापाराचे दार उघडावे

संकट कोसळले, की दूरदेशीचे श्रीमंत मित्र हिशेब मांडत बसतात आणि हाकेच्या अंतरावरचा शेजारी धावून येतो, हा लोकव्यवहारातला अनुभव. महामारीनंतरच्या पडझडीत श्रीलंकेला तो पुरेपूर आला.

पर्यटन हा त्या देशाच्या परकीय चलनाचा मोठा झरा. एप्रिल २०१९ मधील ईस्टरच्या बॉम्बस्फोटांनी तो आटू लागला आणि २०२० च्या टाळेबंदीने कोरडा पडला. मात्र सारा दोष विषाणूच्या माथी मारणे ही आत्मवंचना ठरेल. २०१९ च्या अखेरची भरमसाट करकपात, २०२१ मध्ये अचानक लादलेली रासायनिक खतांची आयातबंदी आणि वर्षानुवर्षे काढलेली कर्जे यांनी घर आतून पोखरले होते. हंबनटोटा बंदर तर २०१७ मध्येच ९९ वर्षांच्या पट्ट्याने चिनी कंपनीच्या हाती गेले होते. अखेर १२ एप्रिल २०२२ रोजी परकीय कर्जाची परतफेड थांबविल्याची घोषणा श्रीलंकेला करावी लागली. पेट्रोलसाठी रांगा, औषधांचा तुटवडा आणि पळून गेलेला राष्ट्राध्यक्ष हे दृश्य जगाने पाहिले.

त्या वर्षी भारताने इंधन, धान्य, औषधे आणि चलनसाहाय्य अशा रूपांत सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत केली. जानेवारी २०२३ मध्ये कर्जफेरआखणीची हमी नाणेनिधीला सर्वप्रथम दिली, तीही भारतानेच. त्यानंतरच मार्चमध्ये नाणेनिधीचे सुमारे ३ अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर झाले. २०२४ मध्ये श्रीलंकेची अर्थव्यवस्था ५ टक्क्यांनी वाढली.

भारताला याचा अभिमान जरूर असावा. पण प्रश्न पुढचा आहे. संकटात दिलेला हात सुगीच्या दिवसांत व्यापाराच्या रूपाने टिकणार काय? दक्षिण आशियातील देशांचा आपसांतील व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम ५ टक्के आहे. आग्नेय आशियात हेच प्रमाण एक पंचमांशाहून अधिक. भारत व श्रीलंका यांच्यातील मुक्त व्यापार करार १९९८ मध्ये झाला आणि २००० मध्ये अमलात आला. पण सेवा आणि गुंतवणूक त्यात आणण्याची बोलणी अनेक वर्षे रेंगाळली. प्रचंड शेजाऱ्याच्या मालाखाली आपले उद्योग गाडले जातील, ही भीती कोलंबोत आहे. आणि आपण? करार करूनही श्रीलंकेचा चहा आणि तयार कपडे यांच्या सवलतीला आपण कोट्याची वेसण घातली. तिसऱ्या देशाचा माल श्रीलंकेच्या नावाने येथे शिरू नये, ही दक्षता रास्तच. पण ती उत्पत्तीच्या नियमांनी घ्यावी. दारच किलकिले ठेवून ती साधत नाही.

अनुकूल पावले पडत आहेत. जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने आंतरराष्ट्रीय व्यवहार रुपयात करण्याची वाट मोकळी केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये नागपट्टणम् ते कांकेसंतुराई नौकासेवा सुरू झाली. फेब्रुवारी २०२४ पासून भारतीय प्रवासी तेथे यूपीआयने पैसे चुकवू शकतात. कोलंबो बंदरातून जहाज बदलून जाणारा बहुतांश माल भारताशीच निगडित आहे. म्हणजे हितसंबंध आधीच गुंतलेले आहेत; त्यांना धोरणाची जोड हवी.

मदतीने कृतज्ञता मिळते आणि काळाबरोबर ती ओसरते. व्यापारात दोघांचीही चूल पेटते, म्हणून ते नाते टिकते. शेजाऱ्याला पुन्हा परक्या सावकाराच्या उंबरठ्यावर जावे लागू नये, असे वाटत असेल, तर भारताने आपली बाजारपेठ त्याच्यासाठी मोकळ्या मनाने उघडली पाहिजे. मोठ्या भावाचे मोठेपण त्यातच आहे, आणि सुरक्षितताही.