आधी कस, मग दंड



पावसाळ्याच्या सुरुवातीची गोष्ट आहे. सोयाबीनची पेरणी आटोपली होती. मी काही कामानिमित्त सराफ्यातून जात होतो. एका दुकानाच्या पायरीवर आपल्या ओळखीचे एक वृद्ध मास्तर डोके धरून बसलेले दिसले. दुकानदाराने त्यांना पाणी दिले होते.

"मास्तर, काय झाले?"

"काही नाही फादर, जरा घेरी आली."

रिक्षा करून त्यांना जवळच्या दवाखान्यात नेले. रक्तदाब भलताच वाढलेला होता. डॉक्टरांनी विचारले, "गोळ्या वेळेवर घेता ना?" मास्तर मान खाली घालून म्हणाले, "महिना झाला, बंद आहेत."

बाहेर आल्यावर त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला एक कागद काढून माझ्या हातात दिला. ती नोटीस होती. मास्तरांचे वय ७३. शाळेतून निवृत्त झाले, पेन्शन मिळते. सांवेर तहसिलीत वडिलोपार्जित थोडी शेतजमीन त्यांच्या नावावर आहे. काही वर्षांपूर्वी कॉम्प्युटरच्या दुकानातल्या मुलाने किसान सन्मान निधीचा त्यांचा अर्ज भरून दिला. मास्तरांनी न वाचता सही केली. दोन दोन हजारांचे ९ हप्ते खात्यात आले. आता तहसिलीतून पत्र आले होते, की तुम्ही अपात्र आहात, १८,००० रुपये परत करा.

"पण याचा गोळ्यांशी काय संबंध?" मी विचारले.

मास्तर म्हणाले, "फादर, सरकारच्या वहीत माझे नाव लबाड म्हणून चढले. आता सरकारी दवाखान्यात पर्ची काढायला कोणत्या तोंडाने जाऊ? इतकी वर्षे फुकट गोळ्या घेतल्या, उद्या त्याचाही दंड मागतील."

नोटीस पैशाची, आणि बंद झाले औषध! त्या दिवसापासून हा विषय माझ्या मनात घोळत आहे, म्हणून आज तो या पानावर मांडतो.

प्रथम मास्तरांची चूक पाहू. किसान सन्मान निधी योजना फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत मिळतात. पण जमीन नावावर आहे एवढ्यानेच कोणी पात्र ठरत नाही. प्राप्तिकर भरणारे, आणि महिना १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक पेन्शन घेणारे (चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी सोडून), यातून वगळलेले आहेत. शिवाय नवरा, बायको व अज्ञान मुले मिळून एक कुटुंब धरले जाते. नवरा-बायकोने वेगवेगळे हप्ते घ्यायचे नाहीत. अर्जदाराने 'मी वगळलेल्या वर्गात मोडत नाही' असे स्वतःच लिहून द्यायचे असते. मास्तरांनी तसे लिहून दिले, पण वाचले नाही.

असे मास्तर एकटेच नाहीत. जुलै २०२१ मध्ये कृषिमंत्र्यांनी संसदेत माहिती दिली, की देशभरात ४२ लाखांहून अधिक अपात्र लोकांना हे पैसे गेले असून सुमारे २,९९२ कोटी रुपये वसूल करायचे आहेत. त्यांतले ४ लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रातले. इतके सगळे लोक चोर होते असे मी मानत नाही. काही होते. पुष्कळांनी मात्र मास्तरांसारखी दुसऱ्याच्या हाताने भरलेल्या अर्जावर सही केली.

मोफत औषधासाठी दंड होईल, ही मास्तरांची भीती आपल्याकडे खरी नाही. पण जगात असा दंड कुठे नाहीच, असेही नाही. इंग्लंडात तो आहे. आपल्यातल्या काही घरांची मुले-मुली तिकडे आहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. तेथे डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्रत्येक औषधासाठी ठराविक शुल्क पडते. २०२४ मध्ये ते ९ पौंड ९० पेन्स झाले. साठ वर्षांवरील माणसे, गर्भवती आणि काही आजारांचे व कमी उत्पन्नाचे लोक यांना ते माफ आहे. हक्क नसता माफी घेतली तर मूळ शुल्क, शिवाय त्याच्या पाचपट, जास्तीत जास्त १०० पौंड, दंड येतो. २८ दिवसांत भरला नाही तर आणखी ५० पौंड वाढू शकतात. गर्भवतीलाही माफीचा दाखला आधी काढावा लागतो. पोट दिसते आहे म्हणून भागत नाही!

या दंडाचे पुढे काय झाले? त्या देशाच्या हिशेब तपासनीस कार्यालयाने मे २०१९ मध्ये अहवाल दिला. २०१४ पासून औषधे व दातांचे उपचार मिळून ५६ लाख दंडाची पत्रे निघाली होती. त्यांतली जवळजवळ १७ लाख मागे घ्यावी लागली, कारण त्या लोकांना माफीचा हक्क होताच. म्हणजे दर दहांतल्या तिघांना आधी दोषी ठरवले आणि मग तपासले. त्यांत आजारी माणसे होती, म्हातारी माणसे होती. दाराशी पत्र पडले की अशा माणसाची काय अवस्था होते, हे मी सराफ्यातल्या त्या पायरीवर पाहिले आहे.

सराफ्यात आपण सगळेच जातो. दिवसा दागिन्यांसाठी, रात्री खाण्यासाठी. तिथला जुना सराफ काय करतो ते पाहा. कोणी बाई मोडायला पाटली घेऊन आली, तर तो तिला "ही खोटी आहे" असे तोंडावर म्हणत नाही. तो पाटली कसोटीवर घासतो, कस पाहतो, वजन करतो, आणि मगच बोलतो. पाटलीत भेसळ निघाली तरी ती बाईने केली की तिला विकणाऱ्याने केली, हा प्रश्न उरतोच. एवढी सबुरी सराफाला जमते, तर ती सरकारी कचेरीलाही जमली पाहिजे.

आपल्या जुन्या कायद्यालाही हा भेद ठाऊक होता. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्यात दोन वेगवेगळी कलमे होती. हक्क नसता लाभ मिळाला असेल तर त्याची किंमत परत करावी, असे कलम ७० सांगत होते. जाणूनबुजून खोटे सांगून लाभ घेणाऱ्याला कैद किंवा दंड, हे कलम ८४ मध्ये होते. आता त्या कायद्याच्या जागी २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. पण ती विभागणी मला शहाणपणाची वाटते. चुकून आलेले परत करायचे. शिक्षा मात्र लबाडीला.

दुसऱ्याच्या हातून होणाऱ्या चुका किती असू शकतात, याचे एक उदाहरण आपल्याच देशातले देतो. आयुष्मान भारत योजनेचा महालेखापरीक्षकांचा अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेपुढे आला. सुमारे साडेसात लाख लाभार्थ्यांच्या नावापुढे एकच मोबाइल नंबर होता, दहा वेळा ९! या साडेसात लाखांना आपण खोटे म्हणायचे का? तो आकडा यंत्रात टाकणारा हात त्यांचा नव्हता.

याचा अर्थ आपण निर्दोष आहोत असा मात्र कोणी काढू नये. न वाचता सही करणे हाही एक दोषच आहे. आणि ज्याने सारे ठाऊक असून घेतले, त्याने ते परत केलेच पाहिजे. सरकारचे म्हणजे कोणाचेच नाही, हा विचार पापाचा आहे. शुभवर्तमानातला जक्कय आपल्याला माहीत आहे. त्याने चौपट परत करायचे कबूल केले, ते नोटीस येण्याची वाट न पाहता. तेव्हा आपल्या घरात न मिळण्याजोगा हप्ता येत असेल, तर आजच पाहा. किसान निधीच्या सरकारी पोर्टलवर लाभ स्वखुशीने सोडण्याची आणि पैसे परत भरण्याचीही सोय आहे.

नोटीस आलीच तर काय करावे? ती फाडू नये, उशीखालीही ठेवू नये. कोणता लाभ, कोणत्या तारखा, किती रक्कम, हे शांतपणे वाचावे. आपले म्हणणे वेगळे असेल तर लेखी द्यावे आणि पोचपावती घ्यावी. रक्कम खरोखर लागू असेल तर सरकारी खात्यात भरून पावती जपावी. बाजारातल्या दलालाला "मिटवून टाक" म्हणून पैसे देऊ नयेत, आणि फोनवर कोणालाही ओटीपी सांगू नये. एकट्याने जायला संकोच वाटत असेल तर माझ्याकडे या. आपण बरोबर जाऊ.

औषधाबद्दल एवढेच सांगतो. मध्य प्रदेशात २०१२ पासून सरकारी दवाखान्यांत यादीतली औषधे मोफत मिळतात, आणि ती गरीब-श्रीमंत असा भेद न करता सर्वांना. तिथे पेन्शन आडवी येत नाही, जमीनही येत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील प्रत्येकाला उत्पन्न न पाहता आयुष्मान कार्ड काढता येते. मात्र ते दवाखान्यात भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, रोजच्या गोळ्यांसाठी नाही. त्याची चौकशी १४५५५ या नंबरवर करता येते. वेल्स व स्कॉटलंड येथेही औषधाचे शुल्क सर्वांनाच माफ आहे. तिथे खोटे सांगण्याचे कारणच उरत नाही, आणि म्हणून दंडाची पत्रेही नाहीत. माझ्या मते औषधाच्या बाबतीत हीच रीत सर्वांत बरी. रोख पैसा वाटताना चाळणी हवी. पण रक्तदाबाच्या गोळीसाठी म्हाताऱ्या माणसाला आपली गरिबी सिद्ध करायला लावू नये.

मास्तरांचे पुढे काय झाले, हे विचाराल. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघे सरकारी दवाखान्यात गेलो. पर्ची निघाली, गोळ्या मिळाल्या. कोणी काही विचारले नाही. सोयाबीन विकल्यावर त्यांनी १८,००० रुपये भरले आणि पावती मला आणून दाखवली. मी म्हणालो, "मास्तर, पावती राहू द्या, आज सकाळची गोळी घेतली का ते सांगा." ते हसले आणि म्हणाले, "घेतली फादर, आणि आता सहीसुद्धा वाचून करतो."

आपल्या शेजारी असा कोणी कागद लपवून बसला असेल, तर त्याला जाऊन विचारा. कदाचित त्याचेही औषध बंद असेल.