गिधाडांसाठी बंदी, म्हाताऱ्यांसाठी इंजेक्शन

२००६ साली केंद्र सरकारने डायक्लोफेनॅक हे औषध जनावरांसाठी बंद केले. ते दिलेली मेलेली गुरे खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती. बंदी आली हे योग्यच झाले. पण सोलापुरात आयुष्यभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळलेल्या म्हातारीला गुडघ्यासाठी तेच औषध टोचले जाते, तेव्हा तिच्या मूत्रपिंडाचा हिशेब कोण ठेवतो?

तरुण माणसाला दोन-चार दिवस ते सहसा सोसते. प्रश्न वयाचा आहे. सत्तरीत मूत्रपिंड थकलेले असते. त्यात टेल्मीसार्टनसारखी बीपीची गोळी, लघवीची गोळी आणि वर डायक्लोफेनॅक असे तिन्ही एकत्र आले, तर मूत्रपिंड बंद पडू शकते. झोपेसाठी अल्प्राझोलम दिले, की रात्री उठताना तोल जाऊन खुबा मोडतो. ग्लिबेनक्लेमाइड घेऊन उपाशी राहिले, की साखर धोकादायक उतरते. हे काही नवे ज्ञान नाही. अमेरिकेतील डॉ. मार्क बीअर्स यांनी १९९१ सालीच वृद्धांना टाळावयाच्या औषधांची यादी केली, ती आजही सुधारली जाते. ज्ञान आहे, वस्तीपर्यंत येत नाही एवढेच.

‘अडाणी लोक, सुई मारल्याशिवाय समाधान होत नाही,’ असे म्हणणाऱ्यांना एकच विचारा: विडीची मजुरी कशावर मिळते? हजारावर. आज बसली नाही तर आज पैसे नाहीत. ती बाई सुई घेते ती उद्याचा रोज बुडू नये म्हणून. हा अडाणीपणा नव्हे, हिशेब आहे, आणि तो तिच्यावर लादलेला आहे. विडी कामगारांच्या आरोग्यासाठी १९७६ चा कल्याण निधी कायदा आला. त्या निधीचा उपकर २०१७ मध्ये जीएसटीबरोबर गेला. त्यावर किती मोर्चे निघाले?

औषधाचे जेनेरिक नाव सुवाच्य लिहावे, औषध तर्कशुद्ध असावे, हा डॉक्टरांसाठीचा नियम २०१६ चा. अल्प्राझोलम तर शेड्यूल एच-१ मध्ये आहे. चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते. तरी ‘ही गोळी कशासाठी?’ असे विचारणे आपल्या म्हाताऱ्यांना उर्मटपणा वाटतो. हे त्यांना कुणी शिकवले, ते या वाचकांना सांगायला नको.

आणि आपली मंडळे? १४ एप्रिलच्या शिबिरात बीपी मोजायचे, दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटे वाटायची, बॅनरखाली फोटो काढायचा. आधीच पाच गोळ्या घेणाऱ्या आजोबांना सहावी देऊन कसली समाजसेवा होते?

यंदा पाकिटे वाटू नका. घरोघर जाऊन म्हाताऱ्यांची औषधांची अख्खी पिशवी, मलमापासून काढ्यापर्यंत, गोळा करा आणि त्यांना घेऊन सिव्हिल हॉस्पिटल गाठा. कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका. झोपेची आणि स्टेरॉइडची तर मुळीच नाही, एकदम थांबवली तर जिवावर बेतू शकते. डॉक्टरांसमोर पिशवी रिकामी करा आणि एकेक गोळी उचलून विचारा: ही कशासाठी, किती दिवस, मूत्रपिंडाची तपासणी कधी? ज्येष्ठ नागरिकांसाठी स्वतंत्र रांग ही २००७ च्या कायद्याने सरकारची जबाबदारी आहे. रांग नसेल तर अधिष्ठात्यांकडे लेखी मागा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय उठू नका.