हिंसादान आणि गाडीची किल्ली

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरती हे एक गुणव्रत आहे. प्रयोजन नसताना घडणारे पाप टाळावे, एवढा त्याचा सरळ अर्थ. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतील दोन तर आजच्या रस्त्यासाठीच सांगितले असावेत असे वाटते. एक हिंसादान, म्हणजे ज्यामुळे दुसऱ्याचा घात होऊ शकतो असे साधन कोणाच्या हाती देणे. कुऱ्हाड, तलवार, कुदळ, अग्नी ही त्याची उदाहरणे. दुसरा प्रमादचर्या, म्हणजे कारण नसता बेफिकीर वागून जीवांना उपद्रव देणे. पाठशाळेत मुले ही नावे घडाघडा म्हणून दाखवितात. घरात तलवार नाही, कुऱ्हाडही नाही, तेव्हा हिंसादानाचा दोष घराला लागत नाही, असे पुष्कळांच्या मनात असते. परंतु दाराजवळच्या खुंटीवर तीन-चार वाहनांच्या किल्ल्या लटकत असतात, त्यांचे काय?

दहावीतला मुलगा क्लासला स्कूटर घेऊन जातो. वडील दुकानात, आई स्वयंपाकघरात, रिक्षा वेळेवर मिळत नाही. कारणे सर्व खरी असतात. कायदा मात्र स्पष्ट आहे. सोळा वर्षे पूर्ण झालेल्यास पन्नास सीसीपर्यंतचे, गिअर नसलेले वाहनच चालविण्याची मुभा आहे, आणि घरोघरी दिसणाऱ्या स्कूटर शंभर सीसीच्या पुढच्या आहेत. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात सुधारणा होऊन कलम १९९अ आले. अल्पवयीनाकडून वाहन चालविताना गुन्हा घडल्यास पालक अथवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास, पंचवीस हजार रुपये दंड आणि वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. नकळत घडले, किंवा पुरेशी दक्षता घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावर असते. आणि किल्ली खुंटीवर मोकळी होती, एवढ्याने ते सिद्ध व्हायचे नाही. विम्याचेही तसेच. चालकाकडे वैध परवाना नसेल तर विमा कंपनीने जखमीला भरपाई द्यावी व ती रक्कम नंतर मालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालयांनी अनेकदा दिले आहेत. पै-पैचा हिशेब ठेवणारी घरे वाहनाच्या किल्लीचा हिशेब मात्र ठेवीत नाहीत, हे थोडे नवलाचे आहे.

ही जोखीम वाहनमालकाची झाली. समोर जो येतो त्याची जोखीम निराळी, आणि तिची भरपाई कोणत्याही पॉलिसीत नाही.

एके काळी पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. नगरपालिकेचा बिल्ला लागत असे, रात्री दिवा नसला तर पोलीस अडवीत, डबलसीट बसल्यास हवा सोडीत. आज रस्त्यावर सायकल कोण चालवितो? पहाटेचा पेपरवाला, दूधवाला, रात्रपाळी संपवून घरी निघालेला रखवालदार, मार्केट यार्डातला हमाल, गाळ्यावर काम करणारा दिवाणजींचा मदतनीस. खेडोपाडी शाळेला जाणारी मुलगी, जिला मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळाली आणि त्यामुळे जिचे शिक्षण सुटले नाही. अलीकडे हौसेने, आरोग्यासाठी चालविणाऱ्यांचीही भर पडली आहे आणि त्यांच्या डोक्यावर हेल्मेट असते. परंतु बहुसंख्य सायकलस्वार म्हणजे ज्याच्याजवळ दुसरे काही नाही असा माणूस. २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत बत्तीस हजारांहून अधिक पादचारी होते आणि साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार.

सायकलस्वार पडतो तो बहुधा चार-पाच ठरावीक प्रकारांनी. मागून येणारे वाहन हातभर अंतरावरून पुढे जाते. धक्का लागला नाही तरी वाऱ्याच्या झोताने अथवा कर्कश हॉर्नने तोल जातो. दुचाकीवाला दूरचे वळण वाचविण्यासाठी उलट्या दिशेने रस्त्याच्या कडेकडेने येतो, म्हणजे नेमका सायकलच्याच वाटेत. ट्रक किंवा टेम्पो डावीकडे वळतो तेव्हा मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात आणि त्या आतल्या जागेत सायकलस्वार असतो. चालक उजवीकडे बसलेला, केबिन उंच. डाव्या अंगाला टेकून चाललेली सायकल त्याला आरशातही दिसेलच असे नाही. सायकलस्वाराने वळणाऱ्या अवजड वाहनाच्या डावीकडून कधीही पुढे घुसू नये, हे प्रत्येक शाळेत शिकविले पाहिजे. नकाशातल्या नद्यांपेक्षा ते अधिक लवकर उपयोगी पडेल.

आणि मोटारीचा दरवाजा. बाजारपेठेत गाडी थांबते, घाई असते, दार एकदम उघडले जाते आणि मागून येणारा त्यावर आदळून रस्त्याच्या मध्ये फेकला जातो. नेदरलँड्समध्ये यावर एक साधी सवय रूढ आहे: दार उघडायचे ते दाराजवळच्या हाताने नव्हे, दूरच्या हाताने. इकडे चालकाने उजवे दार डाव्या हाताने आणि डावीकडच्या प्रवाशाने आपले दार उजव्या हाताने उघडावे. तसे करताना खांदा आणि मान आपोआप मागे वळतात व येणारा दिसतो. खर्च शून्य. लग्नाच्या खरेदीला पाच जणांचे कुटुंब गाडीतून उतरते तेव्हा सर्वांत धाकट्याला हे आधी शिकवावे, कारण सर्वांत घाईने दार तोच उघडतो.

त्याच नेदरलँड्सचे उदाहरण नेहमी दिले जाते आणि लगेच म्हटले जाते की, ते लोकच निराळे. तसे नाही. १९७१ साली त्या लहानशा देशात सुमारे ३,३०० माणसे रस्त्यावर मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने लेख लिहिला, आयाबाया रस्त्यावर उतरल्या, बालहत्या थांबवा अशी चळवळच उभी राहिली. पुढे सायकलमार्ग झाले, वस्त्यांतला वेग उतरविण्यात आला. पुणे महानगरपालिकेनेही २०१७ साली सायकलींचा सर्वंकष आराखडा मंजूर केला आहे. त्याआधी बांधलेल्या सायकलमार्गांवर आज काय दिसते ते पुणेकरांना सांगायला नको: कुठे पार्किंग, कुठे हातगाडी, कुठे मार्ग अर्ध्यातच संपलेला.

मार्ग होतील तेव्हा होतील. वेगाचा हिशेब मात्र आजच मांडता येतो. दुकानापासून गोदाम सहा किलोमीटरवर आहे असे धरू. ताशी चाळीसच्या वेगाने नऊ मिनिटे लागतात, पन्नासने सात मिनिटे बारा सेकंद. बचत एक मिनीट अठ्ठेचाळीस सेकंद, तीही वाटेत एकही सिग्नल लागला नाही तर. उलट बाजूला धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. चाळीसाचे पन्नास झाले की ती छप्पन्न टक्क्यांनी वाढली. ताशी साठच्या वेगात चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत, एक सेकंदात, गाडी पंचावन्न फूट पुढे गेलेली असते. इतक्या तोट्याचा सौदा कोणताही व्यापारी दुसऱ्या कोणत्या मालात करणार नाही.

सौदा करणारा मात्र पुष्कळदा चालक नसतोच. टेम्पोचा ड्रायव्हर घाई करतो ती कोणासाठी? गल्ल्यावरून दर दहा मिनिटांनी फोन येतो: "कुठवर आलास?" ड्रायव्हर एका हाताने फोन धरून उत्तर देतो, कारण फोन शेठजींचा असतो, तो टाळता येत नाही. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपण सांगितले आहे. मुक्या जनावरावर त्याच्या शक्तीबाहेर ओझे लादू नये, हा त्याचा मूळ रोख. बैलगाडी गेली, टेम्पो आला. त्याला पाठ दुखत नाही म्हणून त्यावर क्षमतेच्या दीडपट पोती चढतात, मग ब्रेक उशिरा लागतो आणि जड वाहन उतारावर आवरत नाही. त्या व्रताचा विस्तार इथवर करावा की नाही, हे विद्वानांनी ठरवावे. ब्रेकला मात्र वजन कळते.

याच समाजाला रस्त्यावरील असुरक्षित माणसाची काळजी वाहता येत नाही, असे मुळीच नाही. साधु-साध्वी विहार करतात तेव्हा पहाटे महामार्गाच्या कडेने त्यांच्यासोबत गावोगावचे तरुण चालतात, अंगात चमकणारी जाकिटे असतात, मागे एक गाडी दिवे लावून संथ येते. अनवाणी, ईर्यासमिती पाळत, चार हात पुढची भूमी निरखीत चालणाऱ्या त्या जिवाला मागून येणाऱ्या वाहनाचा धोका किती, हे त्या तरुणांना नेमके ठाऊक असते, कारण असे अपघात समाजाने सोसले आहेत. आठ वाजता विहारसेवा आटोपून तोच तरुण मोटारसायकलवर परततो, आणि पुढे चाललेल्या दूधवाल्याला बाजूला व्हायला हॉर्न देतो. दूधवाल्याच्या पाठीमागे दिवे लावून संथ येणारी गाडी नसते.

कोणी रस्त्यावर पडलेला दिसला तर थांबण्याची भीतीही आता बाळगण्याचे कारण नाही. कलम १३४अ अन्वये जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. आपले नाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती नाही.

सायकलस्वारांचेही दोष आहेत. उलट्या दिशेने येणे, तिघांनी शेजारी शेजारी गप्पा मारीत चालविणे, कानात गाणी, अंधारात ना दिवा ना परावर्तक. उभ्या मोटारींच्या रांगेपासून एका दाराएवढे अंतर राखून चालवावे, हेही अनेकांना ठाऊक नसते. पण पंधरा-वीस किलोची सायकल आणि दीड-दोन टनांचा टेम्पो यांच्या चुका एकाच तराजूत घालता येत नाहीत. पहिल्याच्या चुकीने तो स्वतः मरतो, दुसऱ्याच्या चुकीने दुसरा.

गाळ्यावरचा मदतनीस रात्री नऊला शटर ओढून घरी निघतो. त्याच्या सायकलच्या मागच्या मडगार्डवर लाल परावर्तक आहे की नाही, हे मालकाला सहसा ठाऊक नसते. नसेल तर तो पर्युषणापूर्वी बसवून द्यावा. सोबत पुढचा दिवा आणि हेल्मेट दिले तरी एकूण खर्च दिवाळीच्या मिठाईच्या एका डब्याइतकाच येईल, आणि वहीत तो कोणत्या खात्याला टाकायचा हे मुनीमजी ठरवतील.