उभ्या कॅक्टसचा पावसाळा

सोसायटीच्या फाटकाजवळ किंवा गच्चीच्या कोपऱ्यात निळसर हिरव्या रंगाचा, ठळक धारांचा, माणसापेक्षा उंच खांब दिसला तर तो बहुधा सेरियस असतो. नर्सरीत त्याला पेरूचा, म्हणजे पेरू देशाचा, कॅक्टस म्हणतात. प्रत्यक्षात बागांमधून जगभर पसरलेल्या या झाडांपैकी बरीचशी दक्षिण ब्राझील, उरुग्वे आणि अर्जेंटिनाच्या लगतच्या भागातली आहेत. तिथे पाऊस चांगला पडतो. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या हवेत हा कॅक्टस जमिनीत लावला तर मजेत वाढतो, दुमजली घराशी उंचीने बरोबरीही करतो.

कुंडीत मात्र जून ते सप्टेंबर हे त्याच्या जिवावरचे महिने. बहुतेक झाडं दिवसा श्वासरंध्रं उघडतात, कॅक्टस ती रात्री उघडतो. रात्रीच्या गारव्यात आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड तो आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा उन्हात त्याचं अन्न बनवतो. त्यामुळे पाणी फारच कमी उडतं. आषाढात आभाळ दाटलेलं, हवा दमट. मुळं पाणी उचलतच नाहीत आणि ओल्या मातीत त्यांना हवाही मिळत नाही. मग बुरशीचं फावतं.

म्हणून सगळी काळजी मातीपासून सुरू होते. देशावरची काळी माती या झाडाला अजिबात नको. ती पाणी धरून बसते. निम्मी भरड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे, बाकी पोयटा आणि थोडं मुरलेलं शेणखत, एवढं पुरे. कुंडी मातीची आणि जड असावी, नाहीतर वळवाच्या वाऱ्यात खांब आडवा होतो. पावसाळ्यात ती पागोळ्यांपासून दूर, पण उजेडात ठेवावी. उन्हाळ्यात माती तळापर्यंत सुकली की भरपूर पाणी द्यावं आणि पुन्हा सुकू द्यावी. रोज पेलाभर पाणी घालण्याची सवय वाईटच.

या झाडाला पानं नाहीत. इतर झाडांचं पिवळं पान गळून जातं, नवं येतं. खांबाला ती सोय नाही. दिवाणखान्यात अंधारात काढलेले महिने बारीक कंबरेसारखे त्याच्या अंगावर राहतात, पुढे कितीही ऊन मिळालं तरी तो भाग सहसा भरून येत नाही. सावलीतून एकदम मे महिन्याच्या उन्हात आणलं तर फिकट चट्टा पडतो, तोही कायमचा. नव्या झाडाला पंधरा-वीस दिवसांत हळूहळू उन्हाची सवय लावण्याचा कंटाळा करू नये. धारांच्या खाचेत पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोळ्याने पुसून काढावा.

बुंधा तपकिरी झाला की लोक घाबरतात. अंगठ्याने दाबून पाहावं. कडक, बुचासारखा लागला तर ते नुसतं वय आहे. मऊ लागला, अंगठा आत गेला, तर कूज आहे आणि त्याच दिवशी सुरी हातात घ्यावी लागते. कुजक्या भागाच्या बऱ्याच वर आडवा छेद घ्यावा. मधोमध गोल कडं दिसतं, तिथूनच झाडाचं पाणी वर चढतं. त्या कड्यावर तपकिरी ठिपका असेल तर आणखी वर कापावं, सुरी प्रत्येक वेळी स्पिरिटने पुसून. कडं स्वच्छ दिसेपर्यंत थांबायचं नाही. मग तो तुकडा सावलीत, कोरड्या जागी आठ-पंधरा दिवस उभाच ठेवावा. आडवा ठेवला तर जमिनीकडच्या बाजूने मुळं फुटू लागतात. छेद कोरडा, कातडीसारखा झाल्यावर कोरड्या मातीत रोवावा. खालचं सगळं गेलेलं झाडही अशा रीतीने वाचतं.

मोठ्या झाडाला वीतभर लांबीची पांढरी फुलं येतात, एका रात्रीपुरती. फळ मात्र अनेकांकडे कधीच धरत नाही, कारण या झाडाला स्वतःचे परागकण चालत नाहीत. शेजारच्या झाडाचे चालावेत, तर तेही याच्याच फांदीपासून वाढवलेलं, म्हणजे मुळात तेच झाड. वेगळ्या ठिकाणाहून आणलेलं दुसरं रोप हवं आणि रात्री मऊ कुंचल्याने पराग इकडून तिकडे लावायला हवेत. इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात या फळाची शेती झाली आणि ‘कुबो’ नावाने ते युरोपच्या बाजारात गेलं. सालीला काटे नसतात, आत पांढरा गर आणि काळ्या बिया. त्या बिया पेरल्या तर येणारं प्रत्येक रोप वेगळं निघतं. पुढच्या फुलांसाठी जोडीदार त्यांतूनच मिळतो.